पॉलिपमधील सुरुवातीचा कर्करोग: दुर्बिणीतून काढण्याच्या उपचाराची पार्श्वभूमी

मोठ्या आतड्यातील पॉलिपमध्ये, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेल्या गाठीसारख्या भागात, कर्करोग असल्याची शंका आली की पोट उघडून आतड्याचा तो भागच काढून टाकणे, हा एके काळी बहुतांश रुग्णांपुढचा मार्ग होता. १९६९ मध्ये न्यूयॉर्क येथे विल्यम वोल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी कोलोनोस्कोपमधून, म्हणजे मोठ्या आतड्यात घालायच्या लवचिक दुर्बिणीतून, तारेचा फास टाकून विद्युतप्रवाहाने पॉलिप कापण्यास सुरुवात केली आणि ही स्थिती बदलू लागली. देठ असलेले पॉलिप फासात सहज येत. चपटे, भिंतीवर पसरलेले पॉलिप मात्र निसटत. श्लेष्मल स्तराखाली, म्हणजे आतड्याच्या सर्वांत आतल्या अस्तराखाली, सलाईन टोचून ते वर उचलण्याची युक्ती पुढे रुळली, तेव्हा तेही काढता येऊ लागले.

पण पॉलिप निघाला म्हणजे कर्करोग निघाला का? माझ्या मते या विषयाचा खरा इतिहास या प्रश्नाभोवतीच घडला आहे. मोठ्या आतड्याच्या श्लेष्मल स्तरात लसिकावाहिन्या (लसिका हा द्रव वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या) जवळपास नसतात, त्यामुळे तिथपर्यंतच मर्यादित असलेला कर्करोग लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचत नाही. तो त्याखालच्या स्तरात शिरला की धोका सुरू होतो. म्हणून खोली मोजणे अटळ ठरले. देठाच्या पॉलिपसाठी १९८५ मध्ये संशोधक हॅगिट यांनी कर्करोग किती खोल गेला याच्या पायऱ्या ठरवून दिल्या, १९९५ मध्ये जपानी संशोधक किकुची यांनी चपट्या पॉलिपखालच्या स्तराचे तीन भाग केले, आणि पुढे जपानी अभ्यासांतून १,००० मायक्रॉन, म्हणजे १ मिलिमीटर, ही कमी धोक्याच्या खोलीची मर्यादा पुढे आली.

इथेच फासाची उणीव उघडी पडली. साधारण २० मिलिमीटरहून मोठा चपटा पॉलिप बहुधा तुकड्यातुकड्यांनी निघतो, आणि तुकड्यांवरून पॅथॉलॉजिस्टला (काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या डॉक्टरला) ना खोली खात्रीने सांगता येते, ना कडा कर्करोगमुक्त आहेत की नाही ते. पॉलिपभोवती छेद घेऊन त्याच्या खालचा स्तर सूक्ष्म चाकूने सोडवत तो अखंड काढण्याची पद्धत जपानमध्ये आधी जठरासाठी विकसित झाली. मोठ्या आतड्याची भिंत जठरापेक्षा पातळ, त्यामुळे छिद्र पडण्याची भीती अधिक. तिथे ही पद्धत रुजायला वेळ लागला आणि जपानच्या आरोग्य विम्यात तिचा समावेश २०१२ मध्ये झाला.

अखंड काढलेल्या पॉलिपमध्येही खोली जास्त आढळली किंवा कर्करोगाच्या पेशी रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत दिसल्या, तर आतड्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला आजही दिला जातो, आणि अशा शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य रुग्णांच्या ग्रंथींत कर्करोग सापडत नाही.