जंतूची शेपटी ओळखणारी दोन जनुके

एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू गोड्या पाण्यात असतोच. तळ्यात माशांची दाटी झाली, ऑक्सिजन उतरला किंवा जाळ्यात खवले निघाले की तो अंगात शिरतो. मग लाल चट्टे, फुगलेले पोट आणि मरतूक. त्याची पोहण्याची शेपटी फ्लॅजेलिन या प्रथिनाची असते आणि माशाच्या पेशी त्याला ओळखतात त्या शेपटीवरूनही.

हे काम टीएलआर५ या ग्राहकाचे, म्हणजे जंतूची खूण पकडणाऱ्या प्रथिनाचे. टीएलआर हे जनुकांचे एक मोठे कुटुंब आहे. माणसात त्यातली १० जनुके काम करतात. माशांच्या निरनिराळ्या जातींत मिळून वीसच्या आसपास प्रकार सापडले आहेत. माशांच्या पूर्वजांत सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी सगळा जनुकसंच दुप्पट झाला, त्याचाही यात वाटा आहे.

रेनबो ट्राउटमध्ये टीएलआर५ चे दोन प्रकार आहेत, हे जपानी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले. पहिला पेशीच्या पटलात रुतलेला असतो. फ्लॅजेलिन चिकटले की त्याचे आतले टोक पेशीला इशारा देते. दुसऱ्याला पटलात रुतणारा भाग नाही आणि ते आतले टोकही नाही. इशारा मिळाल्यावर यकृत तो बनवून रक्तात सोडते. तिथे तो फ्लॅजेलिनला पकडतो आणि पहिल्याचा इशारा आणखी तीव्र करतो. सस्तन प्राण्यांत हा विरघळणारा प्रकार नाही.

संसर्गात कोणते जनुक किती जागे झाले, याचे मोजमाप चुकते ते या दोन सारख्या प्रकारांमुळेच. प्रयोगात एका गटाच्या पोटात जिवाणू टोचतात, दुसऱ्याच्या पोटात नुसते क्षारद्रावण. हा दुसरा गट टाळता येत नाही, कारण सुईच्या जखमेनेही काही जनुके जागी होतात. मग ०, ६, १२, २४, ४८ आणि ७२ तासांनी यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग काढतात. माशाच्या हाडांत रक्तपेशी बनवणारा मगज नसतो. ते काम मूत्रपिंडाचा हा भाग करतो. जनुक जागे झाले की त्याची आरएनए ही नक्कल बनते आणि मोजायची तीच; म्हणून तुकडे लगेच आरएनए टिकवणाऱ्या द्रावात बुडवावे लागतात, नाहीतर आरएनए तुटतो आणि आकडे निरर्थक ठरतात.

पुढे क्यूपीसीआर, म्हणजे चक्रागणिक प्रती दुप्पट करत केलेली मोजणी. प्रायमर (कोणता भाग मोजायचा ते ठरवणारा डीएनएचा छोटा तुकडा) दोन्ही प्रकारांत सारख्या असलेल्या भागावर बेतला तर दोघांची बेरीज मोजली जाते आणि यकृतातली उसळी कुणाची, ते कळतच नाही. आतल्या टोकावर बेतलेला प्रायमर फक्त पहिल्याला धरतो. दुसऱ्यासाठी दोघांच्या क्रमातला फरक प्रायमरच्या ३′ टोकाशी (जिथून प्रत पुढे वाढते) येईल अशी जागा शोधावी लागते. वितळण-आलेखात (तयार झालेला डीएनए कोणत्या तापमानाला सुटतो ते दाखवणाऱ्या) एकच शिखर दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये; जवळजवळ सारख्या प्रतींचेही एकच शिखर येते. उत्पादनाचा क्रम वाचून घ्यावा. तुलनेसाठी एकट्या बीटा-ॲक्टिनवर (सदा सारखेच चालते असे मानलेल्या जनुकावर) भिस्त ठेवणेही धोक्याचे, कारण संसर्गात तेच वरखाली होऊ शकते. एका चक्राचा फरक म्हणजे दुप्पट, इतकी ही मोजणी नाजूक आहे.

भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेत एरोमोनासपुढे टिकणाऱ्या रोहूची निवड-पैदास झाली आहे. अशा वाणात नेमके कोणते जनुक कामी येते, हे शोधताना प्रत्येक प्रत वेगळी मोजावी लागते.