शिकवलं की ऑपरेटर पळतो?

पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या लहान वर्कशॉपमध्ये एक समज पक्का आहे: ऑपरेटरला मशीनचं सेटिंग, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन जुळवणं, शिकवलं की तो शेजारच्या कंपनीत जातो. जातो, हे खरं. पण बहुतेकदा काम सेटरचं आणि पगार हेल्परचा राहिला म्हणून.

न शिकवण्याचा खर्च मात्र कुणी वहीत मांडत नाही. सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या लेथवर, २५.०० मिमीचा शाफ्ट २५.०४ भरला, तर एक्स अक्षाच्या वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे टूलच्या झिजेसाठीच्या बारीक दुरुस्तीच्या आकड्यात, उणे ०.०४ द्यायचं. बहुतेक लेथवर एक्स व्यासात मोजतात, त्यामुळे निम्मं करायचं नाही. अर्धवट शिकलेला ०.०२ टाकतो, नाहीतर दशांश चुकवून ०.४. मग एकतर माल पुन्हा टर्निंगला, नाहीतर थेट भंगारात. वेअरऐवजी चुकून टूलची मूळ जागा सांगणाऱ्या जिओमेट्री ऑफसेटमध्ये हात घातला तर टूल जॉब पकडणाऱ्या चकवर आदळायची भीती वेगळीच.

यासाठी महागडा कोर्स लागत नाही. शिफ्टच्या सुरुवातीला अर्धा तास, एका वेळी एकच गोष्ट: आधी मायक्रोमीटरचं शून्य तपासणं, मग ऑफसेट, मग इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) बदलणं. तीन वेगळे जॉब स्वतः सेट करून मापात आणले, की त्याच महिन्यात पगारवाढ. ती सहा महिने लांबवली तर माणूस गेलाच म्हणून समजा.

नवीन पोरं घेताना १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याकडेही बघा. ३० किंवा अधिक माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारकच आहे, आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार उचलतं.