सायलेन्सर सरळ बसतो तरी कसा?

सिनेमातला भाडोत्री मारेकरी खिशातून नळी काढतो, बंदुकीच्या तोंडावर दोन फेरे देतो आणि ‘फुस्स’. शेजारच्या खोलीत झोपलेला कूसही बदलत नाही. थोतांड आहे हे. रायफलचा बार साधारण १६५ डेसिबलचा. सायलेन्सरने त्यातले ३० खाल्ले तरी १३५ उरतात. शिवाय गोळी ध्वनीच्या दुप्पट-अडीचपट वेगाने सुटते, तिचा हवेतला कडाका कुठलीच नळी थांबवू शकत नाही. मशीनगनवाल्या मॅक्झिमचा मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम याला १९०९ मध्ये पेटंट मिळालं, तेव्हापासून तत्त्व तेच आहे: बंदुकीच्या दारूचा तापलेला वायू पडद्यांच्या कप्प्यांत पसरू द्यायचा, जरा निववायचा, मग बाहेर सोडायचा.

माझा जीव अडकतो तो त्या ‘दोन फेऱ्यां’त.

पडद्यांच्या भोकांतून जाताना गोळीच्या भोवती जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर मोकळी जागा असते. नळी आट्यांवर फिरत जाऊन बॅरलच्या शोल्डरला, म्हणजे आट्यांमागच्या सपाट पायरीला, टेकते. आट्यांत थोडी ढिलाई ठेवावीच लागते, नाहीतर ते फिरणारच नाहीत. म्हणजे आटे नळी ओढून धरतात. तिला सरळ ठेवतो तो शोल्डर. आता २० मिलिमीटर व्यासाच्या शोल्डरवर एका कडेला ०.१ मिलिमीटरचा, केसाएवढा कचरा अडकला असं धरा. नळी २०० मिलिमीटर लांब असेल, तर तिचं पुढचं टोक किती सरकलं? ०.१ भागिले २०, गुणिले २००. पुरता एक मिलिमीटर! गोळी शेवटच्या पडद्याला घासलीच.

दुसरी कटकट ढिलं होण्याची. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्ट सुटतो तो मुख्यतः आडव्या हादऱ्यांनी. इथे तर प्रत्येक बाराला हादरा, वर उष्णता.

यावरचा उपाय साकीनाक्याच्या कुठल्याही गाळ्यात दिसेल. लेथच्या टेलस्टॉकमध्ये, म्हणजे मागच्या सरकत्या ठोकळ्यात, मोठं ड्रिल बसवताना टर्नर नट लावत नाही, बोल्टही लावत नाही. ड्रिलची निमुळती मागची दांडी (शँक) हाताने एक झटका देऊन आत ठोकतो, की बसलं. हा मोर्स टेपर. एका बाजूचा उतार जेमतेम दीड अंश. गणित असं: या कोनाचा टॅन्जंट घर्षणांकापेक्षा कमी असेल, तर आत रुतलेला शंकू आपणहून निसटत नाही. पोलादावर पोलाद, घर्षणांक ०.१५ धरला तर ही मर्यादा साडेआठ अंशांच्या आसपास येते. मशीनवर लिंबू-मिरची टांगलेली असते हे खरं, पण ड्रिल धरून ठेवतं ते घर्षण. सायलेन्सरच्या जोडालाही असाच टेपर देता येतो. शिवाय शंकूत शंकू घट्ट बसला की दोघांचा अक्ष एकच होतो, आणि वायूची वाट अडल्याने काजळी आट्यांपर्यंत पोचत नाही.

मग निवडायचं काय? एकाच रायफलवर कायम ठेवायचा असेल तर थेट आट्यांवरचा बरा: हलका, आखूड, स्वस्त. फक्त ढिला झाला का, ते पाहत राहायचं. एकच नळी अनेक रायफलींवर फिरवायची तर प्रत्येक बॅरलच्या तोंडावर फ्लॅश हायडर (बाराची ज्वाळा झाकणारा तुकडा) कायमचा कसायचा आणि नळी त्याच्यावर अडकवायची. पण मग जोड दोन होतात, आणि दोघांची चूक एकमेकांत मिळते. दुसऱ्या जोडाला टेपर नसेल तर ‘मिलिटरी ग्रेड’ असं छापलेल्या डब्याचा काडीचा उपयोग नाही. तिसरी तऱ्हा एमपी-५ एसडी या जर्मन सबमशीनगनची: सायलेन्सर जन्मापासूनच अंगावर, एरवी काढघाल करायची गरज नाही. आपल्याकडे हे सगळं लष्कर-पोलिसांपुरतं, दुकानात विचारायला जाऊ नका.

नळीच्या वजनाने बॅरलची थरथर बदलते, म्हणून नेमही थोडा हलतो. तो दर वेळी तेवढाच हलला तर चालतं, कारण दुर्बीण तशी जुळवून घेता येते. काढून पुन्हा बसवल्यावर तो वेगळाच हलला, तर जोड खराब. टेपरचा तोटाही त्याच्या पकडीतच आहे: कोन फार अरुंद ठेवला, तर काजळी आणि उष्णतेने जोड असा चिकटतो की नळी काढायला पाना लागतो.