बायोलॉजीवाल्यांना फिजिक्स कशाला?
बीएस्सीला बॉटनी-झूऑलॉजी घेतलेल्यांसाठी फिजिक्सचा पेपर म्हणजे पासापुरती कटकट, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. बारीक नळीतल्या प्रवाहाचा नियम १८४० च्या दशकात मांडणारा प्वाझय हा फ्रेंच डॉक्टर. त्याला रक्ताभिसरण समजून घ्यायचं होतं. दाब तोच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाह निम्मा नाही, फक्त १/१६ उरतो! धमनी थोडी अरुंद झाली तरी डॉक्टर का धास्तावतात, ते इथे कळतं. ऊर्जेच्या अक्षय्यतेवर १८४७ मध्ये लिहिणारा हेल्महोल्ट्झही लष्करी डॉक्टरच. खोट आहे ती शिकवण्यात: उतारावरून ठोकळे घसरवता घसरवता (तेही घर्षण नसलेल्या) वर्ष संपतं आणि धमनीचं नावसुद्धा निघत नाही.