पाचवीच्या आधी आणि नंतर : मराठवाड्यातील नवजात मृत्यूंची पार्श्वभूमी

पाचव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, असं मराठवाड्यात मानतात. या समजुतीमागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असावा. २८ दिवसांच्या आत दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात जातात.

पूर्वी विळ्याने किंवा जुन्या ब्लेडने नाळ कापली जाई, वर राख लावत. चांगलं पिणारं बाळ तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर जबडा आवळून दूध सोडी, तो धनुर्वात. गरोदरपणातल्या लशीने तो हटला, २०१५ मध्ये देशातून त्याचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर बाळंतपणंही दवाखान्यात गेली. आता उरलीत ती कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं, जन्मताच श्वास न घेणारी आणि जंतुसंसर्ग झालेली.

वजनाचं मूळ मात्र दवाखान्यात नाही. ऊसतोडीत मजूर जोडीने मोजतात, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मजूर जमवणारा मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला. त्यामुळे हंगामाआधी मुलीचं लग्न उरकलं जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडच्या २० ते २४ वयाच्या ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. कोवळं वय, अंगात रक्त कमी, डोक्यावर उसाची मोळी, आणि दोन वर्षांच्या आत दुसरं बाळंतपण.

अशा पोटी आलेलं १८०० ग्रॅमचं बाळ डिसेंबरात कोपीत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, असतं. अंगावर चरबी नसल्याने ते झपाट्याने गार पडतं. हात लावून पाहावं: तळपाय गार, पोट गरम, तर थंडीची सुरुवात, पोटही गार, तर धोका. गार बाळ ओढून पीत नाही, रक्तातली साखर उतरते, मग जंतूंना वाट मिळते. म्हणून आंघोळ लांबवायची, मध चाटवायचा नाही, पहिलं चीकदूध द्यायचं आणि उघडं बाळ आईच्या छातीशी बांधून वरून पांघरूण घालायचं.

हे घरीच सांभाळता येतं, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत दाखवलं, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. त्याच धर्तीवर २०११ पासून गावातली आरोग्यसेविका ‘आशा’ ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. पण ऊसतोडीला गेलेली बाळंतीण गावच्या आशाला घरी सापडत नाही, आणि कारखान्याकडच्या आशाच्या यादीत बहुतेकदा तिचं नावच नसतं.