कयाकला तडा गेलाय? आधी त्यावर काही चिकटवू नका

मकरपुरा जीआयडीसी, बडोदे येथील आमच्या प्लॅस्टिक वेल्डिंग वर्कशॉपमधून, कयाक (पॅडलने वल्हवायची अरुंद, छोटी बोट) दुरुस्तीला पाठवणाऱ्या ग्राहकांसाठी

पुणे, मुंबई, कोलाड, ऋषिकेश, कुठूनही फोन आला तरी बोलणं साधारण एकच असतं. ‘बोटीला तडा गेला होता. आम्ही तात्पुरता भरून घेतलाय. तुम्ही फक्त वरून पक्का करून द्या.’

वरून पक्का करता येत नाही. जे काही भरलंय ते आधी कणाकणाने खरवडून काढावं लागतं. तासाभराच्या वेल्डिंगसाठी अख्खा दिवस साफसफाईत जातो. त्याचे पैसे आम्हाला लावावे लागतात, ते ग्राहकाला खटकतात, आणि इतकं करूनही बोट जितकी मजबूत व्हायला हवी होती तितकी होत नाही. म्हणून हे पत्रक.

तुमची बोट पॉलिइथिलीनची आहे. मेणबत्तीचं मेण आणि पॉलिइथिलीन हे रसायनशास्त्रात एकाच कुळातले. मेणावर काही चिकटत नाही तसंच यावरही चिकटत नाही. मळून लावायचं सील, दोन ट्यूबवालं इपॉक्सी, फायबरचं कापड आणि रेझिन, झटपट चिकटणारा डिंक, यातलं काहीही लावलं तरी ते खरखरीत ओरखड्यांत नुसतं अडकून बसतं. हाताने ओढलं तर निघत नाही, म्हणून आपल्याला धरल्यासारखं वाटतं. पण बोट दगडावर आदळली की तळ आत दबतो आणि पुन्हा बाहेर येतो. प्लॅस्टिक लवतं, इपॉक्सी लवत नाही. पहिल्या दोन-चार रॅपिडमध्येच, म्हणजे नदीच्या खळाळत्या टप्प्यांतच, त्याच्या कडा सुटायला लागतात.

सुटून पडतं त्याचं आम्हाला काही वाटत नाही. तड्याच्या आत उतरून बसतं ते नडतं. पातळ इपॉक्सी केसाएवढ्या फटीतही आपोआप ओढलं जातं. आमच्या हॉट एअर गनमधून साधारण ३०० अंशांची हवा येते. पॉलिइथिलीन १३० अंशांच्या आसपास वितळायला लागतं, पण इपॉक्सी वितळत नाही, ते करपतं. काळे कण आणि बुडबुडे वेल्डच्या पोटात अडकतात. वरून वेल्ड अगदी सुबक दिसतं, आणि पुढचा तडा त्याच कणापासून सुरू होतो.

म्हणून खरवडताना आम्ही भिंगातून बघतो आणि पांढरा किंवा पिवळट ठिपका दिसेनासा होईपर्यंत थांबत नाही. स्वच्छ तड्याला व्ही आकाराची अरुंद खाच पुरते. भरलेल्या तड्याची खाच रुंद होत होत बोटाएवढी होते. व्हाइटवॉटर, म्हणजे खळाळत्या नदीच्या, कयाकचा तळ असतो साधारण ६ मिलिमीटर जाडीचा. त्यात एवढी मोठी खाच पाडली की तेवढं मूळ प्लॅस्टिक गेलं आणि त्या जागी आमचा रॉड, म्हणजे वितळवून भरायची प्लॅस्टिकची कांडी, आली. रॉड कितीही चांगला असला तरी साच्यातून एकसंध निघालेल्या तळाची सर त्याला येत नाही.

सिलिकॉन सगळ्यात वाईट. पुसून काढल्यावरही त्याचा डोळ्यांना न दिसणारा थर मागे राहतो आणि रॉड धरत नाही. सिलिकॉन लावलेली बोट आम्ही घेतो, पण निकालाची हमी देत नाही.

आणखी एक प्रकार हल्ली वाढलाय. सोल्डरिंग गनने बादलीचा किंवा खुर्चीचा तुकडा वितळवून तड्यावर लिंपायचा. या वस्तू बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, आणि ते पॉलिइथिलीनमध्ये मिसळत नाही. थंड झाल्यावर तो तुकडा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने उचकटता येतो. खाली बोटीचं प्लॅस्टिक मात्र जळून काळं पडलेलं असतं.

दरीत असताना तडा गेला तर?

हा प्रश्न रास्त आहे. कोलाडला कुंडलिका नदीवर बोट फुटली तर काठावर चढून रस्ता गाठता येतो. जिथे दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या भिंती आहेत आणि बाहेर पडायची वाट फक्त नदीचीच आहे, तिथे ‘वर्कशॉपला पाठवा’ या सल्ल्याचा काही उपयोग नाही. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडामध्ये किंग्ज नदीच्या मधल्या फाट्यावर पोहोचायचं तर सामानाने भरलेली बोट खांद्यावर घेऊन बिशप पास ही सुमारे ३,६५० मीटर उंचीची खिंड चालत ओलांडावी लागते. रॉयल रॉबिन्स, डग टॉम्पकिन्स आणि रेग लेक यांच्या चमूने १९८२ मध्ये ती दरी कयाकने पहिल्यांदा उतरली. आजही तिथे दुसऱ्या दिवशी तळ फुटला तर पुढचे सगळे दिवस त्याच बोटीत काढायचे असतात. गळक्या बोटीत २० लिटर पाणी शिरलं की २० किलो वजन वाढलं, आणि ते वजन एका जागी थांबत नाही. धबधब्याच्या ओठावर बोटीचं नाक उचलायला जाल तेव्हाच ते पुढे धावतं.

ग्रॅनाइट गुळगुळीत असतो म्हणून बोटीला सोसतो, असा समज आहे. गंगोत्रीला गौरीकुंडापाशी भागीरथीने ग्रॅनाइट कसा घासलाय हे ज्यांनी पाहिलंय त्यांना तसं वाटणं साहजिक आहे. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडापेक्षा त्यावर खोल ओरखडे कमी पडतात हे खरंच. पण त्यातलं क्वार्ट्झ पॉलिइथिलीनपेक्षा कितीतरी कठीण असतं. लांब उतरत्या स्लाइडवर, म्हणजे घसरगुंडीसारख्या खडकावर, प्रत्येक वेळी तळाचा एक पातळ थर निघून जातो, आणि सगळ्यात जास्त जातो तो सीटखालून आणि टाचांखालून, कारण वजन तिथे असतं. ग्रॅनाइट त्याच्या नैसर्गिक भेगांवर फुटून त्याचे घराएवढे ठोकळे पडतात. ते अरुंद जागी रचले जातात आणि पाणी त्यांच्यामधून गाळून जातं. अशा चाळणीत कुणी शिरत नाही, बोट दगडांवरून ओढत न्यावी लागते. म्हणून शेपटीकडचा भाग झिजतो. ओरखडे न दिसणाऱ्या बोटीचा तळही पातळ झालेला असतो, हे आम्ही टेबलावर रोज बघतो.

दरीत हे करा. बोट रिकामी करून उन्हात पालथी घाला आणि पूर्ण वाळू द्या. ओल्यावर काहीच धरत नाही, आणि घाई इथेच होते. तड्याची दोन्ही टोकं शोधा. ती दिसतात त्यापेक्षा थोडी पुढे असतात. बोट हलकेच वाकवली की खरं टोक उघडतं. त्या टोकावर ५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटने, बिट हातात कापडात धरून फिरवत, गोल भोक पाडा. दोन्ही टोकांना. भोकामुळे तड्याच्या टोकाशी एकवटणारा ताण पसरतो आणि तडा पुढे सरकायचा थांबतो. दुसरं काही जमलं नाही तरी एवढं नक्की करा. ८ सेंटिमीटरचा तडा ८ सेंटिमीटरचाच राहून आमच्याकडे आला तर निम्मं काम झालेलं असतं.

मग पत्र्याच्या छपराची गळती बंद करायला लावतात ती, ॲल्युमिनियम पाठीची ब्युटाइल टेप घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. आजूबाजूचं प्लॅस्टिक चाकूने खरवडून, कोरड्या फडक्याने पुसून, लायटरची ज्योत लांबून फिरवत हाताला ऊबदार लागेल इतकंच तापवा. टेपचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा दगडाला अडकून उचलला जातो. आधी आतून, मग बाहेरून लावा आणि पॅडलच्या दांड्याने जोर देऊन दाबत जा. बाहेरची टेप दगडावर घासून जाईल, आतली टिकेल. रोज संध्याकाळी बघा, लागली तर नवी लावा.

ब्युटाइल चालतं मग इपॉक्सी का नाही, असं विचारलं जातं. ब्युटाइल कधी कडक होत नाही. ते तळाबरोबर लवतं, आणि इथे आल्यावर आम्ही ते सोलून काढू शकतो. त्याने बोटीला ताकद येत नाही, पाणी तेवढं अडतं, आणि दरीतून बाहेर यायला तेवढं पुरतं. हवाबंद पिशव्या मात्र बोटीत पुढे-मागे फुगवलेल्या असू द्या. पाण्याला जागाच कमी राहते.

आम्ही काय करतो, आणि वेळ का लागतो

१९६९ मध्ये स्थापन झालेल्या आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीमुळे बडोद्याभोवती प्लॅस्टिकचे आणि रसायनांचे कारखाने वाढले. त्यांच्या आम्लाच्या टाक्या आणि पाइप वेल्ड करणं हे आमचं मूळ काम. कयाक नंतर आल्या. पण टाकी गळली तर काय होतं ते ज्याने पाहिलंय तो कारागीर कयाकलाही तीच शिस्त लावतो. उन्हाने वरचा थर खराब झालेला असतो, तो ताजं प्लॅस्टिक दिसेपर्यंत तासायचा. रॉड बोटीच्याच जातीचा निवडायचा. शक्य असेल तर कॉकपिटच्या (बसायच्या जागेच्या) काठाची ढलपी काढून तिचाच रॉड करायचा. वेल्ड झाल्यावर पाणी मारून थंड करायचं नाही. असं गार केलेलं वेल्ड आतून ओढलेलं राहतं. मग बोट गादीवर ठेवून पाणी भरायचं आणि रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी तळाला हात फिरवून ओल लागते का बघायचं. ‘तासाभराचं काम, आजच द्या’ असं म्हणणाऱ्यांना आम्ही नम्रपणे नाही म्हणतो ते यासाठी.

क्रॉसलिंक पॉलिइथिलीनची बोट आम्ही घेत नाही, कारण ती वेल्डच होत नाही. गरम केली की रबरासारखी मऊ होते, पण वितळून वाहत नाही. काही जुन्या बोटी या जातीच्या असतात. शंका असेल तर काठाची नखाएवढी ढलपी पाठवा. तपासायचे पैसे नाहीत.

एका गोष्टीवरून ग्राहक नाराज होतात, ती इथेच सांगून टाकतो. सीटखाली किंवा टाचांखाली वेल्ड केलेल्या बोटीला आम्ही कॉकपिटच्या आत एक चिठ्ठी लावतो: ‘ही बोट दुर्गम दरीत नेऊ नये.’ वेल्ड आम्ही मन लावून करतो, आणि ती बोट कोलाडला, ऋषिकेशच्या ओळखीच्या टप्प्यावर, शिकवायला, वर्षानुवर्षं चालते. पण वेल्डच्या कडेला तळ थोडा ताठर होतो, आणि उंचावरून सपाट आदळल्यावर तडा तिथून जाऊ शकतो. जिथे रस्ता नाही तिथे आमच्या वेल्डवर कुणाचा जीव टांगलेला असावा, हे आम्हाला मान्य नाही. चिठ्ठीमुळे बोटीची विक्रीची किंमत उतरते हे आम्हाला कळतं. तरीही चिठ्ठी लागते.

निघण्याआधी

फुटल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधी बघून घेणं स्वस्त पडतं. घरच्या घरीही एक तपासणी होते. अंधाऱ्या खोलीत बोट उलटी ठेवा आणि आत जोरदार टॉर्च तळाला टेकवून हळूहळू सरकवा. पिवळी, नारिंगी, फिकट निळी अशी उजळ बोट असेल तर जाड प्लॅस्टिकमधून मंद उजेड येतो आणि झिजलेल्या जागी एकदम झगझगीत डाग दिसतो. तो डाग तळहाताएवढा असेल आणि सीटखाली असेल, तर त्या बोटीने मोठी सफर करू नका. गडद बोटींना हे जमत नाही. त्यांची जाडी आमच्याकडे यंत्राने मोजून मिळते. दरीच्या सफरीला निघणाऱ्यांसाठी आम्ही टेप, बिट, खरवडणी आणि जादा ड्रेन प्लग (पाणी काढायच्या भोकाचं बूच) अशी छोटी पिशवीही तयार ठेवतो. बोट न्यायला याल तेव्हा मागून घ्या.

बोट साठवताना ती कडेवर किंवा टांगून ठेवा, सावलीत. बडोद्याच्या मे महिन्यात गच्चीवर पट्ट्यांनी आवळून ठेवलेल्या बोटीचा तळ हमखास आत जातो. असा पोचा पुष्कळदा उन्हात मोकळी ठेवून, आतून हाताने दाबला की सरळ होतो. त्यासाठी आमच्याकडे यायची गरज नाही.

पाठवताना बोट फक्त साध्या पाण्याने धुवा. पेट्रोल, थिनर, साबण तड्याला लावू नका. तडा बाहेरून आणि आतून दिसेल असे फोटो पाठवा, शेजारी मोजपट्टी ठेवून. काही चिकटवलं असेल तर काय ते सांगा. आम्ही रागावत नाही, पण कळलं नाही तर चुकीची पद्धत वापरली जाते. पावसाळ्याच्या नद्यांसाठी बोट हवी असेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्याकडे पोहोचू द्या. जूनमध्ये रांग लागते. सीट काढून पाठवत असाल तर स्क्रू कापडी पिशवीत घालून ती पिशवी कॉकपिटच्या काठालाच बांधा. ट्रान्सपोर्टमध्ये सुटे स्क्रू हरवतात, आणि त्या मापाचे इथे मिळायला वेळ लागतो.