दोन वर्षांची अट: ब्रिटिशांची वेगळी, विस्थापितांची वेगळी

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात गेलेल्या ब्रिटिश कुटुंबांविषयी एक विधान वारंवार वाचायला मिळतं: दहा पाउंडांत तिकीट, पण दोन वर्षं सरकार देईल ते काम करायचं. यातलं तिकीट ब्रिटिशांचं आहे, काम मात्र विस्थापितांचं, म्हणजे युद्धाने युरोपात बेघर झालेल्यांचं. 'दोन वर्षं' दोन्हीकडे होती, दोन्ही योजना १९४७ साली सुरू झाल्या आणि दोन्हींमागे स्थलांतर मंत्री आर्थर कॉलवेलच होते, त्यामुळे ही सरमिसळ होते. ती सोडवल्याशिवाय कुठल्याच कुटुंबाची पहिली वर्षं नीट कळत नाहीत.

ब्रिटिशांची अट पैशाची होती. ३१ मार्च १९४७पासून लागू झालेल्या योजनेत प्रौढाला १० पाउंड, १४ ते १८ वयाच्या मुलाला ५ पाउंड, त्याहून लहानांना काहीच नाही. माजी सैनिकांसाठी मोफत प्रवासाची वेगळी सोय होती. उरलेलं भाडं सरकार भरे. बदल्यात दोन वर्षं ऑस्ट्रेलियात राहायचं. त्याआधी परतायचं असेल तर सरकारने भरलेली रक्कम फेडायची.

हिशेब मांडला की अटीची धार कळते. पूर्ण भाडं साधारण १२० पाउंड धरू. नवरा-बायको आणि दोन लहान मुलं २० पाउंडांत पोचली. वर्षभरात परतायचं ठरलं, तर दोघा प्रौढांचे मिळून २२० पाउंड सरकारला परत, वर परतीच्या तिकिटांचे २४०, आणि मुलांचा खर्च निराळाच. दोन वर्षं भरल्यावर मात्र फक्त परतीचं तिकीट काढायचं. नाखूश कुटुंबंसुद्धा ही मुदत रेटून का काढत, याचं उत्तर इथे आहे. पुढे साधारण चतुर्थांश लोक परतलेच, आणि त्यांतले बरेच पुन्हा ऑस्ट्रेलियात आले. त्यांना 'बूमरँग पॉम' म्हणत ('पॉम' म्हणजे ब्रिटिशांसाठीचा ऑस्ट्रेलियन बोलीतला शब्द).

कामाचं बंधन या अटीत नव्हतं. सुताराने सुतारकाम सोडून कारखाना धरला, तरी त्याला कोणी अडवत नसे. अपवाद सुरुवातीच्या काही तुकड्यांचा: जानेवारी १९४७मध्ये 'लार्ग्ज बे' जहाजातून आलेले बांधकाम कारागीर कॅनबेरातल्या कामांसाठीच आणले होते.

डोक्यावरचं छप्पर कोण देणार, हे नामांकनावर ठरे. नातेवाईक किंवा मित्राने नाव दिलं असेल तर राहायची सोय त्याची. सरकारी नामांकन असेल तर होस्टेल: सिडनीजवळ व्हिलावुड, मेलबर्नला मरिबर्नाँग, अ‍ॅडलेडला फिन्सबरी, ब्रिस्बेनला वेकॉल, पर्थला ग्रेलँड्स. यांतल्या बऱ्याच ठिकाणी निस्सेन हट होत्या, म्हणजे पन्हळी पत्र्याच्या अर्धगोल बराकी. मधे आडभिंती घालून त्या कुटुंबांना वाटून दिलेल्या. उन्हाळ्यात पत्रा तापे, आडभिंतीतून शेजारचं सगळं ऐकू येई. संडास, न्हाणी, धुण्याची जागा सामायिक, जेवण भोजनगृहात.

खरी कोंडी जेवणाचीच होती. खोलीत स्वयंपाकाला मनाई आणि होस्टेलचं शुल्क जेवणासकट. गृहिणीने घरी कमी खर्चात भागवून चार पैसे मागे टाकावेत, तर तो मार्गच बंद. बचत नाही म्हणून घराची अनामत नाही, आणि बाहेर घरांचा तुटवडा. काही कुटुंबांची दोन वर्षं अशीच होस्टेलात सरली. १९५२मध्ये शुल्क वाढवलं तेव्हा ब्रिटिश रहिवाशांनी वाढीव पैसे भरायला नकार दिला. त्यांना 'कुरकुरणारे पॉम' म्हणून उडवून लावणं माझ्या मते अन्याय आहे. तक्रार सरळ हिशेबाची होती.

आता विस्थापित. जुलै १९४७मध्ये ऑस्ट्रेलियाने आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेशी करार केला आणि २८ नोव्हेंबर १९४७ला 'जनरल स्टुअर्ट हाइन्टसेलमन' जहाज फ्रीमँटलला लागलं. पोलंड, युक्रेन, बाल्टिक देश अशा ठिकाणचे सुमारे १,७०,००० लोक काही वर्षांत आले. प्रवासाचे पैसे त्यांनी द्यायचे नव्हते, पण सरकार पाठवेल तिथे दोन वर्षं काम करण्याचा करार होता. पुरुषाच्या नावापुढे 'मजूर', बाईच्या नावापुढे 'घरकाम' असं लागे. डॉक्टर असला तरी त्याची पदवी बहुधा मानली जात नसे. आधी बोनेगिलासारख्या केंद्रात उतरायचं, मग रेल्वे, ऊसतोड, धरणाचं काम. पुष्कळदा नवरा कामावर आणि बायको-मुलं शेकडो किलोमीटर दूर काउरा किंवा ग्रेटाच्या छावणीत. ब्रिटिश कुटुंबाला होस्टेल कितीही नकोसं झालं, तरी या अटीने त्याची अशी ताटातूट होत नव्हती. मला हा फरक सगळ्यांत मोठा वाटतो.

कागदांवरही दोघं वेगळे. विस्थापित 'परके' म्हणून नोंदवले जात, पत्ता किंवा काम बदललं की कळवायचं, आणि नागरिकत्वासाठी साधारण पाच वर्षांचं वास्तव्य लागे. ब्रिटिश माणूस सहा महिन्यांनी मतदार होऊ शके. १९४९पासून वर्षभराच्या वास्तव्यानंतर साध्या नोंदणीने नागरिकही.

कुटुंब कोणत्या योजनेतून आलं हे जुन्या कागदांवरून ओळखायचं असेल तर आधी जहाज कुठून निघालं ते पाहा. टिलबरी किंवा साउथॅम्प्टन असेल, तर ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९६०पर्यंतच्या बाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या याद्या आहेत. ब्रेमरहाफेन किंवा नेपल्स असेल, तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बोनेगिलाचं कार्ड शोधा. त्यावर जन्मतारीख, जहाज, अनेकदा छायाचित्र आणि कोणत्या कामावर धाडलं त्याची नोंद असते. मुक्काम मेलबर्नला असला तरी फ्रीमँटलची यादी तपासायला विसरू नका. सुएझमार्गे येणाऱ्या जहाजांचं ते ऑस्ट्रेलियातलं पहिलं बंदर, आणि पुढे जाणाऱ्यांची नावंही तिथे सापडतात.